‘पप्पा देवाला मानत नव्हते, मग ते स्वर्गात गेले का?’ मुलांच्या अवघड प्रश्नांवर कॅथलिक चर्च काय सांगतं?

१५ एप्रिल २०१८. रोमच्या कोरव्हियाले या उपनगरातल्या चर्चला तत्कालीन पोप फ्रान्सिस भेट देत होते. परिसरातली लहान मुलं एकेक करून माईकसमोर येत होती आणि त्यांना प्रश्न विचारत होती. एक मुलगा माईकपाशी आला खरा, पण त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. तो रडायला लागला. पोपनी त्याला जवळ बोलावलं आणि प्रश्न कानात सांगायला सांगितलं.

मुलाची परवानगी घेऊन पोपनी नंतर तो प्रश्न सगळ्यांना सांगितला. त्याचे वडील नुकतेच वारले होते. ते देवाला मानत नव्हते, पण चारही मुलांचा बाप्तिस्मा त्यांनी करून घेतला होता. माणूस चांगला होता. मग ते स्वर्गात गेले का, एवढंच त्या मुलाला हवं होतं.

पोपनी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं थेट उत्तर दिलं नाही. स्वर्गात कोण जातं हे देव ठरवतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी समोरच्या मुलांनाच विचारलं की, देवाचं मन बापाचं आहे, तर असा बाप आपल्या लेकरांना दूर लोटेल का? मुलं ओरडली, ‘नाही!’ पोप त्या मुलाला म्हणाले, हेच तुझं उत्तर.

त्या काही मिनिटांचा व्हीडिओ जगभर पाहिला गेला. मुलांच्या प्रश्नाला उत्तर देताना मोठ्यांची नेमकी कुठे अडचण होते, ते त्यात दिसतं. खोटी खात्री द्यायची नाही आणि मुलाला घाबरवायचंही नाही.

वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांमध्ये असे प्रश्न रोज विचारले जातात. कॉन्व्हेंट शाळेत जाणारी इतर धर्मांची मुलंही घरी येऊन तेच विचारतात. ‘वर्गात क्रॉसवर कुणाला लटकवलंय?’, ‘होली घोस्ट म्हणजे भूत का?’, ‘मला का नाही दिला तो गोल प्रसाद?’

अशा नेहमीच्या प्रश्नांवर कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका काय आहे आणि ती मुलांना समजेल अशी कशी सांगता येईल, हे या लेखात पाहूया.

चर्चची अधिकृत उत्तरं कुठे असतात?

सगळी उत्तरं थेट बायबलमध्ये सापडत नाहीत. कॅथलिक चर्च बायबलसोबत परंपरेलाही मानतं. या सगळ्याची एकत्र मांडणी ‘कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च’ या ग्रंथात आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये तो जाहीर केला. त्यात २,८६५ परिच्छेद आहेत. तरुणांसाठी त्यावरच आधारलेलं ‘यूकॅट’ हे प्रश्नोत्तरांचं पुस्तक २०११ मध्ये आलं.

मराठीत प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती धर्म सांगण्याची परंपरा तर ४०० वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात लोक शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांचं निरसन करतात.

‘देव एक आहे की तीन?’

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावं ऐकल्यावर मूल बोटं मोजणारच.

चर्चची शिकवण अशी: देव एकच आहे, पण त्या एका देवात तीन व्यक्ती आहेत. याला ‘परमपवित्र त्रैक्य’ म्हणतात. हे तीन वेगवेगळे देव नव्हेत आणि एकाच देवाचे तीन भागही नव्हेत.

धर्मशिक्षणाच्या वर्गात यासाठी पाण्याचं उदाहरण सर्रास दिलं जातं. बर्फ, पाणी, वाफ ही तीन रूपं, पण पदार्थ एकच. मुलांना ते पटकन कळतं. गंमत म्हणजे, चर्चच्या दृष्टीने हे उदाहरण चुकीचं आहे. एकच देव कधी पिता, कधी पुत्र अशी रूपं बदलतो, हा विचार चर्चने सुरुवातीच्या शतकांतच नाकारला होता. तसं असतं तर येशूने पित्याला केलेली प्रार्थना म्हणजे स्वतःशीच केलेलं संभाषण ठरलं असतं.

मग सांगायचं कसं? २६ मे २०२४ रोजी रोममध्ये पहिल्या जागतिक बालदिनानिमित्त हजारो मुलं जमली होती. तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी साधी वाट निवडली. पित्याने आपल्याला निर्माण केलं, येशूने आपल्याला तारलं आणि पवित्र आत्मा आपल्या आयुष्यात सोबत करतो, असं त्यांनी सांगितलं. गणित सोडवण्याऐवजी त्यांनी नातं समजावलं.

मराठी घरांत आणखी एक अडचण असते. ‘आत्मा’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर भुताचा सिनेमा येतो. इंग्रजीतल्या जुन्या प्रार्थनांमधल्या ‘होली घोस्ट’मुळे गोंधळ वाढतोच. इथे आत्मा म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत नाही, तर माणसाला बळ देणारा देव, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

‘तो पाव खरंच येशू असतो का? मला तर दिसत नाही!’

इथे बरेच पालक ‘अरे, ते प्रतीक असतं’ असं म्हणून मोकळे होतात. काही प्रोटेस्टंट पंथांची भूमिका तशी आहे. कॅथलिक चर्चची नाही.

मिस्सामध्ये धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्यावर भाकर आणि द्राक्षारस यांचं ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात परिवर्तन होतं, असं कॅथलिक मानतात. रंग, चव, वास यांत काही बदलत नाही. प्रयोगशाळेत तपासली तर ती भाकरच दिसेल. पण ती मुळात जे काही आहे ते बदललेलं असतं, असा हा विश्वास आहे.

२००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनच्या चौकात पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. एका मुलाने हाच प्रश्न विचारला. येशू दिसत नाही, मग तो तिथे आहे कसा? बेनेडिक्ट म्हणाले की, महत्त्वाच्या बऱ्याच गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. वीज दिसत नाही, पण माईक चालतो आणि दिवे लागतात. परिणाम दिसतो, त्यावरून आपण ओळखतो.

हे शास्त्रीय सिद्धता म्हणून दिलेलं उत्तर नाही. ‘दिसत नाही म्हणजे नाहीच’ एवढाच गैरसमज त्यातून दूर होतो. बाकीचा भाग श्रद्धेचा आहे आणि मुलांना तसं सांगायला हरकत नाही.

‘सगळ्यांना प्रसाद दिला, मला का नाही?’

मित्राच्या घरच्या लग्नाला किंवा शाळेच्या मिस्साला गेलेली हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलं हमखास हा प्रश्न घेऊन येतात. देवळात प्रसाद सगळ्यांना मिळतो, गुरुद्वारात लंगर सगळ्यांसाठी असतो. मग इथेच भेदभाव का?

गैरसमजाचं मूळ ‘प्रसाद’ या शब्दात आहे. ख्रिस्तप्रसाद म्हणजे पाहुण्याला द्यायचा खाऊ नाही. ‘हा ख्रिस्तच आहे आणि मी या श्रद्धेत सहभागी आहे’ अशी ती जाहीर कबुली असते. ज्याची ती श्रद्धा नाही त्याच्याकडून चर्च ही कबुली वदवून घेत नाही.

शिवाय, कॅथलिक घरातल्या लहान मुलांनाही तो मिळत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा आणि तयारी लागते. पूर्वी मुलांना कितीतरी वर्षं थांबावं लागायचं. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये समज आलेल्या, म्हणजे साधारण ७ वर्षांच्या मुलांना ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा दिली. म्हणून तर ‘फर्स्ट होली कम्युनियन’ला चिमुकली मुलं पांढऱ्या कपड्यांत दिसतात.

पाहुण्यांनी काय करायचं? रांग लागली की जागेवर बसून राहिलं तरी चालतं. अनेक चर्चमध्ये छातीवर हात दुमडून पुढे गेल्यास फादर आशीर्वाद देतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवलं तर ऐनवेळी अवघडल्यासारखं होत नाही.

‘आपण मरियामातेच्या मूर्तीची पूजा करतो का?’

सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेला गेलेल्या कुठल्याही मुलाला हे विचारावंसं वाटेल. तिथे सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या आणि हार घेऊन रांगेत उभे असतात.

चर्च दोन गोष्टींत फरक करतं. आराधना फक्त देवाची होते. मरिया आणि संत यांना मान दिला जातो आणि ‘आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा’ अशी विनंती केली जाते. आजारी असताना आपण आजीला म्हणतो ना, ‘आजी, माझ्यासाठी देवाला सांग’, तसंच हे.

मूर्तींवरून तर चर्चमध्येच मोठा वाद झाला होता. इ.स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने तो सोडवला. प्रतिमेला दिलेला मान त्या लाकडा-दगडाला नसून ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो, असं परिषदेने ठरवलं. पाकिटात ठेवलेल्या आईच्या फोटोचं उदाहरण मुलांना लगेच कळतं. फोटो म्हणजे आई नव्हे, पण तो कुणी फाडला तर आपल्याला वाईट वाटतंच.

संतांची गोष्ट सांगायची तर दूर जायला नको. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आजच्या मुलांना जवळचा वाटेल असा संत म्हणजे कार्लो अकुतिस. इटलीतल्या या मुलाला कॉम्प्युटरचं वेड होतं. त्याने ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची वेबसाइट तयार केली. २००६ मध्ये वयाच्या १५व्या वर्षी ल्युकेमियाने त्याचा मृत्यू झाला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं.

‘मी कन्फेशनमध्ये जे सांगेन ते फादर मम्मीला सांगतील का?’

नाही. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. पालकांना नाही, बिशपना नाही, पोलिसांनाही नाही. हा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यानुसार बहिष्काराची शिक्षा आहे.

‘दरवेळी तीच पापं असतात, मग पुन्हा पुन्हा का सांगायची?’ हा त्यापुढचा प्रश्न. २००५ च्याच कार्यक्रमात एका मुलीने तो बेनेडिक्ट यांना विचारला होता. धूळ दर आठवड्याला तीच असते, तरी आपण खोली झाडतोच ना, असं त्यांनी समजावलं.

पण इथे मुलांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुप्ततेचं बंधन फादरवर असतं, मुलावर नाही. कन्फेशनमध्ये काय बोलणं झालं, हे मूल घरी सांगू शकतं. कुणी मोठ्या माणसाने ‘हे आपल्या दोघांतलं गुपित, देव रागावेल’ असं म्हटलं, नको तसा स्पर्श केला किंवा नको ते प्रश्न विचारले, तर ते लगेच आईबाबांना सांगायचं. तो माणूस फादर असो, ब्रदर असो, शिक्षक असो की नातेवाईक.

‘फादर वाईट वागू शकतात का?’ असं मुलाने विचारलं, तर ‘हो’ हेच उत्तर प्रामाणिक आहे. धर्मगुरूंनी मुलांचं लैंगिक शोषण केल्याची प्रकरणं अनेक देशांत उघड झाली. काही ठिकाणी वरिष्ठांनी ती दडपली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे कळवणं धर्मगुरू आणि धर्मभगिनींना बंधनकारक केलं. भारतात पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि त्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १०९८ आहे.

धर्माबद्दलचा आदर शिकवताना आज्ञाधारकपणा कुठे थांबतो, हेही शिकवणं पालकांचंच काम आहे.

‘आजी आता कुठे आहे?’

हा प्रश्न आला की मोठ्यांचा आवाज बदलतो. आपण पटकन काहीतरी बोलून जातो. ‘आजी झोपली’, ‘आजी तारा झाली’, ‘देवाला आवडली म्हणून त्याने नेली’.

मुलांच्या कानांनी हे ऐकून पाहा. ‘झोपली’ म्हटलं तर मूल रात्री झोपायला घाबरू शकतं. ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हे त्याहून वाईट. मग देवाला न आवडलेलंच बरं, असं मुलाला वाटलं तर त्यात त्याची काय चूक? आणि ‘ती देवदूत झाली’ ही कॅथलिक शिकवणही नाही. चर्चच्या मते देवदूत आणि माणसं वेगळी आहेत. माणूस मेल्यावरही माणूसच राहतो.

चर्चची शिकवण थोडक्यात अशी आहे.

- स्वर्ग: देवाच्या सहवासात कायमचं असणं.
- शुद्धीस्थान: देवाच्या प्रेमात मेलेली, पण पूर्णपणे शुद्ध न झालेली माणसं इथे शुद्ध होतात. इथून पुढची वाट स्वर्गाचीच असते. मृतांसाठी मिस्सा करतात, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, ते याच श्रद्धेतून.
- नरक: देवाला जाणीवपूर्वक, शेवटपर्यंत नाकारून त्याच्यापासून कायमचं तुटणं.

१९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी यावर सलग प्रवचनं दिली. स्वर्ग म्हणजे ढगांमधली जागा नव्हे आणि नरक हीसुद्धा जागा नसून अवस्था आहे, असं त्यांनी सांगितलं. उकळत्या तेलाच्या कढया चित्रकारांच्या कल्पनेतल्या आहेत.

आणखी एक गोष्ट अनेक कॅथलिकांनाही माहीत नसते. अमुक व्यक्ती स्वर्गात आहे, असं चर्च संतांबद्दल जाहीर करतं. पण अमुक व्यक्ती नरकात आहे, असं चर्चने आजवर कुणाबद्दलही अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही.

ज्या घरात जन्मतःच बाळ दगावलं, तिथली भावंडं विचारतात, ‘बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, मग?’ अशी बाळं स्वर्गात न जाता ‘लिंबो’ नावाच्या जागी जातात, असं जुन्या पिढीला शिकवलं गेलं होतं. कितीतरी आया ही सल मनात घेऊन जगल्या. लिंबो हा चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये त्याचा उल्लेख नाही, तिथे ही बाळं देवाच्या दयेवर सोपवली आहेत. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने ती तारली जातील, अशी आशा बाळगायला भक्कम कारणं असल्याचं म्हटलं.

आणि दहन? शेजारच्या आजोबांना स्मशानात अग्नी दिला, मग त्यांचं काय, असंही मूल विचारतं. चर्च दफनाला प्राधान्य देतं, पण १९६३ पासून कॅथलिकांनाही दहनाची मुभा आहे.

‘माझा बेस्ट फ्रेंड हिंदू आहे, तो नरकात जाणार का?’

महाराष्ट्रासारख्या ठिकाणी या प्रश्नावर सगळ्यात जास्त काही अवलंबून आहे. उत्तर चुकलं तर मूल दुसऱ्या दिवशी शाळेत ते मित्राला सांगणार. मैत्रीत आणि शेजारात त्याचे पडसाद उमटणार.

चर्चबाहेर तारण नाही, असं एक जुनं वचन आहे. त्याचा कठोर अर्थ लावणाऱ्या अमेरिकेतल्या एका धर्मगुरूंच्या मताला व्हॅटिकनने १९४९ मध्येच चूक ठरवलं. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

२८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजात तर हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि ज्यू या धर्मांचा आदराने उल्लेख आहे. या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका त्यात घेतली आहे.

याचा अर्थ ‘सगळे धर्म सारखेच’ असं चर्च म्हणतं का? तर तसंही नाही. तारण येशू ख्रिस्तामुळेच मिळतं आणि त्याचा संदेश सांगणं हे आपलं काम आहे, असं चर्च आजही मानतं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालायच्या असतात आणि ते सोपं नाही.

७-८ वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे: ‘देव तुझ्या मित्रावरही तेवढंच प्रेम करतो. कोण कुठे जाणार हे आपण ठरवत नाही.’

‘आमचा मोती स्वर्गात भेटेल का?’

२०१४ च्या डिसेंबरमध्ये एक बातमी जगभर व्हायरल झाली. कुत्रा मेल्याने दुःखी झालेल्या मुलाला पोप फ्रान्सिस यांनी ‘प्राण्यांनाही स्वर्ग मिळतो’ असं सांगितलं, अशी ती बातमी होती. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी ती चालवली आणि नंतर सुधारणा छापल्या. त्या वेळी तसा प्रसंग घडलाच नव्हता. आजही ही गोष्ट फॉरवर्ड होऊन येते, तेव्हा सावध राहा.

मग अधिकृत भूमिका काय? प्राण्यांना स्वर्ग मिळतो की नाही, यावर कॅटेकिझम गप्प आहे. मध्ययुगातले संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांचा आत्मा अमर नसतो. दुसरीकडे, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात सगळी सृष्टीच अखेर देवामध्ये नवी होईल, अशी आशा मांडली. प्राण्यांना विनाकारण त्रास देणं मात्र चुकीचं आहे, हे कॅटेकिझम स्पष्टपणे सांगतं.

म्हणजे मुलाला ‘नाही’ म्हणून रडवायची गरज नाही आणि छातीठोकपणे ‘हो’ही म्हणता येत नाही. ‘मोतीला ज्याने बनवलं, त्याला मोतीची आठवण आहे’ असं म्हणता येतं.

‘आदाम आणि एवा होते, तेव्हा डायनासोर होते का?’

शाळेत उत्क्रांती आणि रविवारी आदाम-एवा. मूल विचारतं, खरं कोण? मॅडम की फादर?

कॅथलिक चर्च बायबलमधल्या सहा दिवसांचा शब्दशः अर्थ घ्यायला सांगत नाही. जग कसं बनलं हे विज्ञान सांगतं. ते का आहे आणि कुणामुळे आहे, हे उत्पत्तीची गोष्ट सांगते. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ एक गृहीतक राहिलेला नाही, असं म्हटलं होतं. मात्र माणसाचा आत्मा थेट देव निर्माण करतो, यावर चर्च ठाम आहे.

विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. विश्वाचा आरंभ एका अतिसूक्ष्म अवस्थेतून झाला, ही बिग बँगची मूळ कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि कॅथलिक धर्मगुरूही.

‘एवढी प्रार्थना केली, तरी देवाने आजीला बरं का नाही केलं?’

जानेवारी २०१५ मध्ये फिलिपिन्सची राजधानी मनिलामध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर १२ वर्षांची एक मुलगी बोलायला उभी राहिली. ती पूर्वी रस्त्यावर राहत होती. देव मुलांच्या वाट्याला असं दुःख का येऊ देतो, असं विचारताना तिचा बांध फुटला.

पोपनी तिला मिठी मारली. हातातलं लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. ज्याला उत्तर नाही असा एकमेव प्रश्न हिने विचारला आणि तोही शब्दांपेक्षा अश्रूंनी विचारला, असं ते म्हणाले.

चर्चकडे या प्रश्नावर शेकडो वर्षांचं लिखाण आहे. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, अपूर्ण जग, क्रूसावर स्वतः दुःख भोगणारा देव असे बरेच मुद्दे त्यात आहेत. पण रडणाऱ्या मुलाला तेव्हा मुद्दे नको असतात. ‘तुझी प्रार्थना कमी पडली’ किंवा ‘तुझी श्रद्धा कच्ची होती’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. मूल आजीच्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेतं.

शाळेत प्रार्थनेची सक्ती करता येते का?

कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या इतर धर्मांच्या मुलांच्या पालकांना हा प्रश्न पडतोच. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कॅथलिक बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना अशाच सूचना दिल्या. ख्रिस्ती प्रथा इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर लादू नका आणि रोज राज्यघटनेची उद्देशिका म्हणा, असं त्यात सांगितलं होतं.

उत्तर देताना काय लक्षात ठेवाल?

- आधी उलट विचारा: ‘तुला काय वाटतं?’ प्रश्नामागची भीती बहुतेक वेळा इथेच कळते. ‘नरक कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याने कदाचित काल दहा रुपये चोरलेले असतात.
- एका वेळी एकच उत्तर द्या. चार वर्षांच्या मुलाला एक वाक्य पुरतं, बारा वर्षांच्याला पुरत नाही.
- ‘आम्ही असं मानतो’ आणि ‘हे असंच आहे’ यांत फरक ठेवा. शेजारचं घर वेगळं मानतं, हेही मुलाला सांगा.
- धाक दाखवायला देवाला वापरू नका. ‘जेवला नाहीस तर येशू रागावेल’ हे कुठल्याच कॅटेकिझममध्ये लिहिलेलं नाही.
- आईवडिलांपैकी एकाचा विश्वास नसेल, तर तेही लपवू नका. मुलांना ते कळलेलं असतंच.
- माहीत नसेल तर ‘आपण फादरना विचारू’ किंवा ‘आपण दोघं मिळून वाचू’ म्हणा. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यासाठी हाताशी आहे.

कोरव्हियालेच्या त्या मुलाला पोपनी शेवटी एक सल्ला दिला होता. बाबांशी बोल, त्यांच्याकडे प्रार्थना कर. वडील कुठे आहेत हे पोपना माहीत नव्हतं आणि माहीत असल्याचा आव त्यांनी आणलाही नाही. तरी तो मुलगा जागेवर परत गेला तेव्हा, आपल्या वडिलांबद्दल मोठ्याने बोलायला हरकत नाही, एवढं त्याला कळलं होतं.